कोळशाची पिशवी

कुकरची शिटी झाली, गॅस बारीक करायला गिरिजाबाईंनी हात पुढं केला, आणि हॉलमधून फत्तेसिंगरावांचा आवाज आला, ‘म्हणजे पाणी किंचित कोमट करावं लागेल, असं म्हणतेस?’ हात बटणावर तसाच राहिला. किंचित. छत्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्या माणसाच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. या घरात सगळं स्वल्प असायचं. स्वल्प मीठ, स्वल्प थांब, गुडघा स्वल्प दुखतोय; नवऱ्याला हाकसुद्धा ‘अहो’ नाही, ‘री’. म्हैसुरात पिढ्यान् पिढ्या काढलेल्या मराठी घरांत कानडी शब्द असे मुरलेले असतात की कुठला कुणाचा हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि यायची गरजही नसते. मग हा किंचित आला कुठून? कुकरनं दुसरी शिटी दिली, तिसरी दिली, आणि डाळीचं पार पीठ झालं तेव्हा कुठं गिरिजाबाईंनी गॅस बंद केला.

पदराला हात पुसत त्या दाराशी आल्या. माशांच्या टाकीसमोर दोघं वाकून बसले होते. फत्तेसिंगराव वेताच्या बुटक्या मोढ्यावर, एरवी गुडघ्याचं कौतुक सांगत खुर्चीखाली न उतरणारे. आणि शेजारी जमिनीवर मांडी घालून मृण्मयी, हातात लहानसा टॉर्च. ही मुलगी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आली होती, मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होती. जनावरांची डॉक्टर, त्यातही माशांची. असलाही डॉक्टर असतो हे त्यांच्या नजरबाद मोहल्ल्याला अजून ठाऊक नव्हतं. कारंजी तलावावर सकाळी फिरताना फोनवर मराठी बोलताना दिसली म्हणून फत्तेसिंगरावांनीच तिची ओळख काढली होती आणि मासा आजारी पडताच तिला घरी बोलावलं होतं. ती टॉर्चचा झोत टाकीतल्या मातीच्या नळीवर धरून होती. नळीत गुंडू होता. नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे असलेला हा मासा काव्यानं दहावीत असताना आणला, नावही तिनंच ठेवलं, आणि मग काव्या शिकली, बेंगळूरला गेली, लग्न करून तिथलीच झाली, गुंडू मात्र इथंच राहिला. आता त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठले होते, रव्यात घोळून काढल्यासारखे. फत्तेसिंगरावांनी बाजारातून निळे-लाल चिमुकले मासे आणले होते आणि पिशवी फोडून सरळ टाकीत ओतले होते. त्यांच्याबरोबर हा जंतू आला, असं मृण्मयी म्हणाली. नवे मासे आधी वेगळे ठेवायचे असतात काका, असंही म्हणाली. पण इतक्या गोड आवाजात, की काकांना ती शाबासकीच वाटली असावी. ‘बाकी टाकी फार सुंदर ठेवलीय तुम्ही,’ तिनं पुढं म्हटलं, ‘काच बघा, एक डाग नाही.’ आणि फत्तेसिंगराव हसून म्हणाले, ‘आवड आहे, बाकी काय.’ गिरिजाबाईंच्या बोटांना त्या काचेवरच्या शेवाळाचा वास अजून येत होता. पाणी बदलायचं त्यांनी, फिल्टरचा स्पंज पिळायचा त्यांनी, गावाला जायचं तर गुंडूचं जेवण शेजारी सांगून जायचं त्यांनी. आवड मात्र ह्यांची. ‘डाळ झाली,’ त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

रात्रीचं जेवण मुकाट्यानं झालं. फत्तेसिंगरावांना ते मुकं आहे हे कळलंसुद्धा नाही, कारण ते स्वतःशीच गुणगुणत होते. गिरिजाबाईंना त्यांच्या लग्नानंतरचे दिवस आठवले. त्यांचं माहेर टी. नरसीपूरचं. नद्यांच्या संगमाजवळचं घर, अवतीभवती सगळी कानडी वस्ती, आईशी मराठी आणि बाकी जगाशी कानडी. दोन्हींची बेमालूम खिचडी घेऊन त्या या घरात आल्या. सासू मोठी करारी. सासऱ्यांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात होते, त्यांच्या घोड्याच्या खोगिराची एक पितळी रिकीब अजून घरात होती, दसऱ्याला आयुधपूजेत ती मांडली जायची. असल्या घरात सून म्हणाली, ‘अत्ते, स्वल्प पाणी घालू का, की बेडा?’ सासूनं पंक्तीसमोर तिच्या ‘नको’ऐवजीच्या त्या ‘बेडा’ची नक्कल केली. सगळे हसले. त्या वेळी चोवीस-पंचवीस वर्षांचा हा माणूस पानावरून मान वर न करता म्हणाला होता, ‘मलाही स्वल्प वाढ.’ बस्स, एवढंच. त्या दिवसापासून घरात स्वल्प आला तो राहिला, सासूच्या जिभेवरही पुढं चढला. गिरिजाबाईंना नवऱ्यानं दागिने फार केले नाहीत, कुठं फिरवलंही नाही, पण हा एक शब्द त्यांनी उचलून घेतला होता. कधी भांडण झालं, अबोला धरला, तरी त्या शब्दावर त्यांचा हक्क होता. आज तो माणूस एका परक्या मुलीसमोर तो शब्द घरातल्या जुन्या चपलेसारखा दाराआड सरकवून बसला होता.

उपचार सुरू झाला तो असा. हीटर लावून पाणी दिवसागणिक थोडं थोडं गरम करायचं, हवेचा पंप जोरात ठेवायचा, खालच्या दगडांतला गाळ नळीनं उपसून काढायचा आणि निळसर हिरव्या औषधाचे थेंब टाकायचे, तेही निम्मेच, कारण गुंडूच्या जातीच्या अंगावर खवले नावालाच असतात आणि पूर्ण औषध त्याला सोसत नाही. मृण्मयीनं सगळं समजावून सांगितलं. ‘अंगावर दिसतात ना, ते ठिपके औषधाला दाद देत नाहीत काका. जंतू कातडीखाली सुरक्षित बसलेला असतो. पोट भरलं की तो गळून तळाशी पडतो, फुटतो, त्यातून शेकडो पिल्लं निघतात आणि ती मासा शोधत पोहायला लागतात. तेवढ्यात गाठायचं त्यांना. म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवायचं नाही.’ फत्तेसिंगराव मान डोलवत होते. दाराशी उभ्या गिरिजाबाई मात्र एक-एक शब्द ऐकत होत्या. कातडीखाली सुरक्षित बसतो. बाहेरून काही करता येत नाही. ‘आणि काकू,’ ती एकदम त्यांच्याकडे वळली, ‘फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी असते ना, ती काढून ठेवाल? कोळसा औषध शोषून घेतो. पिशवी आत असेल तर आपण औषध टाकतोय आणि न टाकतोय, सारखंच. स्पंजला मात्र हात लावू नका एवढ्यात, त्यात चांगले जीवही असतात.’ गिरिजाबाईंनी टाकीमागं लटकवलेल्या फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं, पिशवी काढली, नळाखाली धुतली आणि खिडकीत वाळत ठेवली. तिळगुळाच्या पुडीएवढी जाळीची पिशवी, आत काळे खडे. ‘थँक्स हं काकू,’ मृण्मयी म्हणाली. आपल्याच घरात आपले आभार मानले जावेत हे त्यांना काही केल्या पचेना.

मग ती येत राहिली. दिवसाआड संध्याकाळी, कामावरून परतताना. ती यायच्या आधी फत्तेसिंगराव बनियनवर शर्ट चढवायचे, केसांवरून ओला हात फिरवायचे. गिरिजाबाईंना संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती मुलगी काव्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल-नसेल, नवऱ्याचं नाव दर वाक्याला घेणारी, आणि फत्तेसिंगराव काही तसल्या वाटेचे नव्हते. पण ते बोलायचे. गिरिजाबाईंना कधी न सांगितलेलं बोलायचे. पितळी रिकीब त्यांनी कपाटातून काढून तिच्या हातात दिली आणि पणजोबांची हकिगत सांगितली, सोसले गावच्या मठाजवळ घोडा बसला आणि पणजोबा पायी राजवाड्यापर्यंत आले, तरी रिकीब सोडली नाही ती. ही हकिगत गिरिजाबाईंनी आजवर ऐकलीच नव्हती. दर दसऱ्याला चिंच लावून ती रिकीब घासायच्या त्या, आणि तिच्यामागं चालत आलेला माणूस त्यांना ठाऊक नव्हता. ‘किती छान सांगता हो तुम्ही,’ मृण्मयी म्हणाली, ‘इथं आल्यापासून इतकं मराठी मी कुणाशीच बोलले नाही.’ आणि फत्तेसिंगराव म्हणाले, ‘आमची मराठी कसली, मोडकीतोडकी. घरात बोलायला कुणी नसतं ना.’ स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या गिरिजाबाईंना ते स्पष्ट ऐकू आलं. घरात बोलायला कुणी नसतं. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी त्यांनी कप पुसले, बशीत चार बिस्किटं ठेवली आणि ट्रे बाहेर नेला. मृण्मयीनं बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून कपात पडलं, ती लहान मुलीसारखी हसली, आणि गिरिजाबाईंना वाईट याचंच वाटलं की मुलगी खरोखर चांगली होती.

औषध लागू पडत नव्हतं. दोन दिवस ठिपके कमी झाल्यासारखे वाटले, मग दुप्पट उठले. निळे-लाल चिमुकले मासे एकेक करून गेले; सकाळी उठून जाळीनं काढायच्या गिरिजाबाई, आणि परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी पुरायच्या. गुंडू नळीबाहेर येईना. त्याची एक खोड होती. दाणा आवडला की तो टक-टक असा आवाज करायचा, जिभेनं टाळूवर वाजवावा तसा. काव्या म्हणायची, हा टाळ्या वाजवतो. तो आवाज बंद झाला होता. मृण्मयी टाकीसमोर बसली. टॉर्च फिरवून तिनं पाण्याकडे पाहिलं. ‘रंग इतक्या लवकर जायला नको,’ ती म्हणाली. ‘काल संध्याकाळी औषध टाकलंय आणि पाणी एकदम स्वच्छ?’ मग थोडं अडखळत, ‘काकू, ती पिशवी काढली होती ना आपण? परत तर नाही घातली, चुकून?’ गिरिजाबाईंनी खिडकीकडे बोट केलं. पिशवी तिथंच होती, वाळून खडखडीत झालेली. ‘मी कानडी मिसळून बोलते, पण सांगितलेलं कळतं बाई,’ त्या म्हणाल्या. मृण्मयी कानापर्यंत लाल झाली. ‘तसं नाही हो काकू.’ गिरिजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. टाकीचं सगळं हीच करते, हिच्या हातून चूक व्हायची नाही, एवढं एक वाक्य त्यांनी बोलावं अशी त्यांची इच्छा होती. मराठीत, कानडीत, कुठल्याही भाषेत. फत्तेसिंगराव टाकीतल्या बुडबुड्यांकडे पाहत होते. ‘आता रोज बघावं लागेल,’ मृण्मयी म्हणाली. ‘उद्या येते मी. परवाही.’ आणि तेवढ्यात बुडबुडे पाहणारे तत्परतेनं म्हणाले, ‘ये ना. अवश्य ये.’

दुसऱ्या दिवशी दुपारी फत्तेसिंगराव पेन्शनच्या कसल्या दाखल्यासाठी बाहेर गेले. गिरिजाबाई टाकीसमोर त्यांच्या मोढ्यावर बसल्या. या जागेवरून टाकी वेगळी दिसते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं त्यांनी ती मागून पाहिली होती, डब्याच्या, वायरींच्या, बाजूनं. गुंडू नळीच्या तोंडाशी आडवा पडला होता. आडवं पडून झोपायची त्याच्या जातीची रीतच आहे. पहिल्यांदा तसा दिसला तेव्हा काव्यानं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आता तो झोपलाय की दुसरं काही, हे कल्ले पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. कल्ले भराभर हलत होते. गिरिजाबाईंना संगमावरचे मासे आठवले. लहानपणी आई पायऱ्यांवर बसून चुरमुरे टाकायची, काळ्या पाठींची नुसती झुंबड उडायची, आणि त्या एकाच माशासाठी हट्ट धरायच्या, शेपटी फाटलेल्या. माझ्याच हातचं त्यानं खायला पाहिजे, ताईच्या हातचं नको. आई म्हणायची, नदीतला मासा कुणाचा असतो का गं. असतो. त्यांना तेव्हाही वाटायचं की असतो. आणि मग अगदी थंड डोक्यानं त्यांच्या मनात आलं, मासाच राहिला नाही तर ती येईल कशाला? औषध चालत नाहीये तोवर ती येतेय. बरा होईपर्यंत येत राहील. बरा झाला तरी बरा झाला म्हणून येईल, पेढे खायला येईल. पण गुंडू गेला तर दोन दिवस हळहळून येणं संपेल. दोन-चार वेळा औषध पाण्यात गेलंच नाही तर तो तसाही जाणार होता. आळ तर त्यांच्यावर आलाच होता. न केलेल्या गोष्टीचा आळ घेऊन बसण्यापेक्षा ती करून टाकावी, यात काय चुकलं? हे मनात आलं आणि त्यांच्या छातीत एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणाचीच मग भीती वाटली. तरीही त्या उठल्या, खिडकीतली पिशवी घेतली आणि टाकीमागं जाऊन डब्याचं झाकण उघडलं.

स्पंज बाजूला केला, आणि हात थांबला. आत पिशवी होती. नवी कोरी, जाळीचा पांढरा रंगही न गेलेली. पिशव्यांचं पाकीट टाकीखालच्या कपाटात मागच्या कोपऱ्यात असायचं. मिठाचा डबा ज्यांना छत्तीस वर्षांत सापडला नाही त्यांना ते पाकीट बरोबर सापडलं होतं. नवी पिशवी आधी नळाखाली धुवावी लागते, नाहीतर कोळशाची काळी धूळ सुटते. हे काम कधी न केलेल्या माणसाला ते ठाऊक नसतं. स्पंजवर, डब्याच्या कडांना, सगळीकडे काळी बारीक धूळ बसली होती. गिरिजाबाईंनी बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहत राहिल्या. मासा मारायचा नव्हता फत्तेसिंगरावांना. तेवढं त्या माणसाला त्या ओळखत होत्या. फक्त तो इतक्यात बरा व्हायला नको होता. एक फेरी आणखी, एक संध्याकाळ आणखी, पणजोबांची एक हकिगत आणखी. त्यासाठी त्यांनी पिशवी घातली होती, आणि काल बायकोवर आळ आला तेव्हा बुडबुडे पाहत बसले होते. गिरिजाबाईंना रडू यायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना आपल्या दुसऱ्या हातातली पिशवी दिसली, ती त्याच जागी ठेवायला आणलेली. ह्यांना मासा आजारी हवा होता. त्यांना स्वतःला तो मेलेला हवा होता. त्या खाली बसल्या, टाकीमागच्या वायरींच्या जंजाळात, आणि काचेतून गुंडूच्या कल्ल्यांकडे पाहत राहिल्या.

थोड्या वेळानं त्यांनी नवी पिशवी बाहेर काढली. डबा पुसला. मोजून निम्मे थेंब पाण्यात टाकले. निळसर हिरवी रेघ खाली उतरत उतरत पसरली आणि सगळं पाणी फिकट हिरवं झालं. मग दोन्ही पिशव्या धुऊन त्यांनी खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या.

फत्तेसिंगराव परत आले, चपला काढल्या आणि सवयीनं टाकीकडे वळले. पाण्याचा रंग त्यांना आधी दिसला. मग खिडकी. ‘दोन कशा?’ त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, आवाज फार खाली.

‘एक तुमची,’ गिरिजाबाई म्हणाल्या. ‘एक माझी.’

‘तुझी? तुझी तर बाहेरच होती.’

‘ठेवायला गेले होते री. जागा नव्हती.’

फत्तेसिंगरावांनी वळून पाहिलं. रागावतील असं गिरिजाबाईंना वाटलं होतं, पण तो चेहरा रागाचा नव्हता. शाळेत पकडलेल्या पोराचा होता, आणि त्यातच कुठंतरी, ज्याची त्यांनी अपेक्षाच केली नव्हती तो, घाबरलेला. आपल्या बायकोला कुणी पहिल्यांदा पाहावं तसे ते पाहत होते. ‘मेला असता तो,’ ते म्हणाले. ‘हां,’ गिरिजाबाई म्हणाल्या. ‘काव्याचा गुंडू.’ ‘हां.’ ते खुर्चीवर बसले. मोढा रिकामा राहिला. ‘मी सुम्मने, उगीच...’ त्यांनी सुरुवात केली, ‘मला वाटलं, आणखी स्वल्प दिवस...’ आणि थांबले. शब्द परत आला होता. गिरिजाबाईंना वाटलं होतं तो परत आला की जीव थंड होईल. तसं काही झालं नाही.

बेल वाजली. मृण्मयी आत आली, पायात ऑफिसचे बूट तसेच, आणि सरळ टाकीपाशी गेली. ‘रंग टिकलाय आज,’ ती आनंदानं म्हणाली. मग तिची नजर खिडकीकडे गेली. दोन पिशव्या. तिनं काही विचारलं नाही, पण चेहऱ्यावर प्रश्न आला आणि तो काकांकडे वळला. फत्तेसिंगरावांचे ओठ हलले. सांगणार होते की नाही, हे गिरिजाबाईंना कधीच कळलं नाही, कारण त्याआधी त्याच बोलल्या. ‘माझ्याकडून राहिली होती बाई आत. आणखी एक नवी घालून ठेवली होती मी मागंच कधीतरी, ध्यानातच नाही आलं. वय झालं.’ मृण्मयीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ‘होतं हो काकू असं,’ ती म्हणाली, आणि जमिनीवर बसून तिनं त्यांना पुन्हा सगळं समजावलं, सावकाश, सोप्या शब्दांत, लहान मुलाला सांगावं तसं. कोळसा काय करतो, औषध का वाया जातं, पिल्लं कधी बाहेर निघतात. गिरिजाबाई समोर बसून प्रत्येक वाक्याला ‘हां, हां’ म्हणत होत्या. मागं खुर्चीवर फत्तेसिंगराव मान खाली घालून बसले होते. मृण्मयीनं दोनदा त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला, पणजोबांच्या घोड्याचं काय झालं पुढं ते विचारलं. ‘काही नाही,’ ते म्हणाले. ‘मेला असेल.’ आता हा माणूस तिच्यासमोर पुन्हा कधी किंचित म्हणणार नाही, हे गिरिजाबाईंना त्याच क्षणी कळलं. त्यांना हवं होतं तेच झालं होतं, आणि खोटं बोलून त्यांनी ते कायमचं विकत घेतलं होतं.

गुंडू दोन आठवड्यांनी नळीबाहेर आला. अंग स्वच्छ, पट्टे काळेभोर, एका बाजूची शेपटी थोडी झडलेली. मृण्मयीनं येणं केव्हाच थांबवलं होतं. फोनवर चौकशी करायची, तीही काकूंकडे. गिरिजाबाईंनी जुनी पिशवी धुऊन डब्यात ठेवली, पाण्यातला शेवटचा हिरवा रंग हळूहळू निघून गेला. संध्याकाळी त्यांनी दाणा टाकला आणि टाकीतून आवाज आला. टक-टक. खुर्चीवर पेपर वाचणाऱ्या फत्तेसिंगरावांनी तो ऐकला. पेपर हलला ते गिरिजाबाईंना दिसलं.

‘आला बघा री गुंडू,’ त्या म्हणाल्या.

‘हां.’

मग गिरिजाबाई मोढा ओढून स्वतःच त्याच्यावर बसल्या आणि टाकीकडे पाहत म्हणाल्या, ‘ते पणजोबांचं सांगा ना. सोसलेहून पायी आले ते.’

‘तुला ठाऊकच आहे की,’ फत्तेसिंगराव पेपरमागूनच म्हणाले, आणि पान उलटलं.